खानदेशची पदवी आणि परदेशातील इंग्रजीचा वर्ग

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत इंग्रजी विषय घेऊन एम.ए., बी.एड. झालेल्या उमेदवाराची स्थिती काय आहे, हे आता कुणाला नव्याने सांगावे लागत नाही. राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा २०१३ मध्ये सुरू झाली. भरतीसाठी आवश्यक असलेली अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये प्रथम झाली, दुसरी थेट फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये. पहिल्या दोन चाचण्यांमधील पाच वर्षांत एका पिढीचे उमेदीचे दिवस सरले. निवड झालीच, तर सुरुवातीची तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढायची. त्याचे मानधन २०२३ मध्ये वाढले, तेही प्राथमिकसाठी १६ हजार, माध्यमिकसाठी १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी २० हजार रुपयांपर्यंतच. सेट-नेट झालेल्यांना महाविद्यालयात तासिका तत्त्वावर उभे राहावे लागते. तेथे सुट्ट्यांचे महिने बिनपगारी जातात. त्यातच १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही पात्रता परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे बंधनकारक ठरविले. नोकरी नसलेल्यांपाठोपाठ नोकरीत असलेलेही अस्वस्थ झाले.

या अस्वस्थतेवर एक नवा व्यवसाय उभा राहिला आहे. 'परदेशात इंग्रजी शिकवा, पदवी कोणतीही चालेल, १२० तासांचा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरेसा' अशा आशयाच्या जाहिराती तरुणांच्या मोबाइलवर रोज येऊन आदळतात. कोरिया, जपान, थायलंड, व्हिएतनाम, आखाती देश, सारे एकाच पत्रकात. या जाहिराती पूर्णतः खोट्या असतात असे नाही. त्या अर्धवट असतात आणि जो अर्धा भाग त्या गाळतात, नेमका तोच खानदेशातील उमेदवाराच्या मुळावर येणारा असतो.

इंग्रजी ही ज्यांची भाषा नाही अशांना ती शिकविण्याची नोकरी परदेशात मिळवायची, तर तीन दरवाजे ओलांडावे लागतात. पहिला पारपत्राचा, म्हणजे उमेदवार कोणत्या देशाचा नागरिक आहे याचा. दुसरा पदवीचा आणि ती कोणत्या माध्यमातून, कोणत्या पद्धतीने मिळविली याचा. तिसरा अध्यापन-प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राचा. विक्रीला असतो तो तिसरा दरवाजा, कारण तो पैशाने उघडता येतो. पहिले दोन बंद असतील, तर तिसऱ्याचा उपयोग भिंतीवर लावण्यापलीकडे होत नाही.

दक्षिण कोरियाचे उदाहरण घ्यावे. तेथे परकीय भाषा शिकविण्यासाठी जो 'ई-२' वर्गातील व्हिसा दिला जातो, तो इंग्रजीसाठी सात देशांच्या नागरिकांपुरता आहे : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. यादीत भारत नाही. मँचेस्टरचा इतिहासाचा पदवीधर चालतो. इंग्रजी साहित्यात सुवर्णपदक मिळविलेला धुळ्याचा प्राध्यापक चालत नाही. चीननेही २०१७ मध्ये परकीयांच्या कामाच्या परवान्यांची नवी पद्धत देशभर लागू केली. तिच्यानुसार भाषाशिक्षक त्या भाषेच्या मातृदेशाचा नागरिक असावा, तो किमान पदवीधर असावा आणि त्याला दोन वर्षांचा अनुभव असावा. शिक्षणशास्त्राची पदवी किंवा मान्य अध्यापन-प्रमाणपत्र असेल, तर अनुभवाची अट शिथिल होते. म्हणजे प्रमाणपत्राने अनुभवाची उणीव भरून निघते, नागरिकत्वाची निघत नाही. शिवाय जुलै २०२१ मध्ये चीनने खासगी शिकवण्यांवर कठोर निर्बंध आणले आणि देशाबाहेर बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकविणाऱ्या परकीय शिक्षकांचा बाजारही बसला. ही बाजारपेठ जणू अजून जिवंत आहे, अशा थाटात तिची स्वप्ने विकली जातात.

बारा वर्षांची अट

जपानचा नियम अधिक सूक्ष्म आहे आणि खानदेशच्या दृष्टीने त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. तेथील प्राथमिक व माध्यमिक शाळांत भाषा शिकविण्यासाठी 'शिक्षक' या वर्गातील निवासी परवाना लागतो. त्याच्या निकषांत असे म्हटले आहे की, जी परकीय भाषा शिकवायची, त्या भाषेतून उमेदवाराने किमान बारा वर्षे शिक्षण घेतलेले असावे. येथे देशांची यादी नाही. वरवर पाहता ही अट उदार वाटते. भारतीयाला मज्जाव नाही. पण 'त्या भाषेचे' शिक्षण नव्हे, 'त्या भाषेतून' शिक्षण, असा तिचा अर्थ आहे.

आता चोपडा किंवा साक्री तालुक्यातील एखाद्या विद्यार्थिनीचा शैक्षणिक प्रवास मोजून पाहावा. पहिली ते दहावी जिल्हा परिषद शाळा आणि मग गावातील हायस्कूल : मराठी माध्यम. अकरावी-बारावी कला शाखा : इंग्रजीचा एक विषय वगळता मराठी. बी.ए.ला विशेष स्तरावर इंग्रजी घेतले, तरी इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यांच्या उत्तरपत्रिका मराठीतच. एम.ए. इंग्रजी : दोन वर्षे, संपूर्ण इंग्रजीतून. बी.एड. : सूत्रे इंग्रजीत पाठ केलेली, तास मराठीत झालेले. शेक्सपिअरपासून अमिताव घोषपर्यंत वाचून परीक्षा दिलेल्या या विद्यार्थिनीच्या खात्यावर जपानी अधिकाऱ्याच्या हिशेबाने निर्विवाद अशी वर्षे किती? दोन, फार तर तीन. तिच्याच वर्गातील, पण शहरातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून आलेला आणि पुढे बी.कॉम. झालेला मुलगा मात्र पंधरा वर्षे दाखवू शकतो. त्याला इंग्रजी व्याकरणाचा एकही नियम समजावून सांगता येणार नाही कदाचित, पण कागद त्याच्या बाजूने आहे. सेमी-इंग्रजीची गत आणखी विचित्र. गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी सारे मराठीतून शिकलेल्याची शाळा दाखल्यावर 'मराठी माध्यम' असेच लिहिते. त्या दाखल्याशी विसंगत असे दुसरे पत्र कुणी आणून जोडले आणि ते खोटे निघाले, तर नुसता अर्ज फेटाळला जाऊन भागत नाही. पुढील व्हिसाची वाटही बंद होते.

जपानमधील खासगी संभाषण-वर्गांसाठी वेगळा परवाना असतो आणि तेथे पदवीधरास तुलनेने अधिक वाव आहे, हे खरे. मात्र इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशाच्या उमेदवाराला तेथेही इंग्रजीतून झालेल्या शिक्षणाचा पुरावा विचारला जाऊ शकतो.

महाराष्ट्राने इंग्रजीविषयी घेतलेल्या निर्णयांची छाया या हिशेबावर पडलेली आहे. बाळासाहेब खेर यांच्या कारकीर्दीत इंग्रजी आठवीपासून सुरू होत असे. पुढे ते पाचवीपर्यंत खाली आले. आणि रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० सालच्या जूनपासून ते पहिलीला आले. त्यावर त्या काळी मोठे वादंग माजले. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले २०१० मध्ये दहावी झाली आणि आज तिशीत आहेत. म्हणजे परदेशी नोकरीच्या जाहिराती ज्यांना उद्देशून असतात, ती बहुतांशी हीच पिढी. दहा वर्षे इंग्रजी शिकूनही या पिढीच्या हाती इंग्रजी 'माध्यम' नाही. मोरे यांच्या निर्णयाला तो दोष देता येणार नाही. मातृभाषेतून शिकणे हा दोष मानायचाही नाही. पण एखाद्या परदेशी नियमावलीने तो दोष मानला आहे, ही वस्तुस्थिती उमेदवारापासून लपविणे अप्रामाणिकपणाचे आहे.

आणि खानदेशात तर मराठीही अनेकांची दुसरी भाषा असते. घरी अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली, सातपुड्याच्या कडेला पावरी वा भिली, शाळेत मराठी, बाजारात आणि सुरतेच्या गाडीत हिंदी-गुजराती, त्यानंतर इंग्रजी. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही भाषा म्हणून नोंदविणाऱ्यांची संख्या सुमारे १८ लाख ६० हजार होती. चौथ्या भाषेपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या माणसाला, ती भाषा शिकताना पाय कुठे अडखळतो हे ठाऊक असते. जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्याला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. ही केवळ भावनिक बाजू नव्हे. ब्रज कचरू या काश्मिरी भाषाशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात जगभरातील इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली आणि भारताला दुसऱ्या वर्तुळात ठेवले. इंग्रजी ही या देशांचीही एक भाषा आहे, पाहुणी नव्हे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मधील आपल्या ग्रंथात, मातृभाषक हाच आदर्श शिक्षक असतो ही समजूत निराधार ठरविली. विद्यापीठांच्या भाषाशास्त्र विभागांत हे आता जवळपास सर्वमान्य आहे. व्हिसा देणाऱ्या खिडकीपर्यंत मात्र ते पोहोचलेले नाही.

खानदेशच्या मातीतील इंग्रजीचा शिक्षक परदेशी जाणे ही कल्पना काही नवी नाही. यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे हे पेशाने इंग्रजीचे प्राध्यापक. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी लंडनच्या 'स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज' या संस्थेत अध्यापन केले. पण तो मार्ग विद्वत्तेचा होता, निमंत्रणाचा होता. आजच्या उमेदवाराचा मार्ग परवान्यांचा आणि शिक्क्यांचा आहे. दोहोंची तुलना करण्यात अर्थ नाही.

जो दरवाजा कुणी दाखवीत नाही

कोरियाच्या सात देशांच्या यादीला एक अपवाद आहे आणि गंमत अशी की, तो भारतासाठीच केलेला आहे. भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. मोटारी, पोलाद, सॉफ्टवेअर यांच्या चर्चेत त्यातील एक कलम दुर्लक्षित राहिले. त्यानुसार पदवी आणि इंग्रजी विषयाची शिक्षक-अर्हता धारण करणारा भारतीय नागरिक कोरियातील प्राथमिक व माध्यमिक शाळांत इंग्रजीचा सहायक शिक्षक म्हणून नेमला जाऊ शकतो. येथे १२० तासांचे प्रमाणपत्र मागितलेले नाही. मागितली आहे ती शिक्षकी पेशाची रीतसर अर्हता, म्हणजे आपल्याकडील बी.एड. अमेरिकी वा ब्रिटिश उमेदवाराला जी अट नाही ती भारतीयाला आहे, हा भेदभाव आहेच. पण ती अट पूर्ण करणारे उमेदवार खानदेशात गावोगाव आहेत. इंग्रजी अध्यापन पद्धती घेऊन बी.एड. केलेला प्रत्येक जण कागदोपत्री या कलमाच्या कक्षेत येऊ शकतो.

अर्थात कलम असणे आणि नेमणूक होणे यांत अंतर आहे. कोरियातील शाळा आणि शिक्षण कार्यालये सात देशांच्या उमेदवारांना सरावलेली आहेत. भारतीय अर्जदाराचा परवाना कोणत्या नियमाखाली द्यायचा, हे पुष्कळदा अर्जदारालाच समजावून द्यावे लागते. 'शिक्षक परवाना' या शब्दाने तर विशेष घोटाळा होतो. तेथे तो शासनाने दिलेला स्वतंत्र दस्तऐवज असतो, आपल्याकडे बी.एड.ची पदवी विद्यापीठ देते आणि पात्रता परीक्षेचे प्रमाणपत्र परीक्षा परिषद. या दोहोंचा अर्थ सांगणारे, शासनाच्या शिक्क्याचे एखादे अधिकृत पत्र उमेदवाराच्या हाती देण्याची सोय झाली, तर त्या कलमाला काही अर्थ येईल. करार झाल्याला दीड दशक उलटले. तेवढ्या काळात हे पत्र तयार व्हायला हवे होते.

ब्रिटनची तऱ्हा याच्या उलट. फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंडने भारतासह काही नव्या देशांच्या प्रशिक्षित शिक्षकांना तेथील 'अर्हताप्राप्त शिक्षक' दर्जासाठी अर्ज करण्याची मुभा दिली. बातमी आली तेव्हा येथील इंग्रजीच्या शिक्षकांना आनंद झाला. पण भारतीयांसाठी हा मार्ग ११ ते १६ वर्षे वयोगटाला गणित, विज्ञान आणि भाषा शिकविणाऱ्यांपुरता ठेवलेला आहे. आणि येथे भाषा म्हणजे फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश यांसारख्या इंग्रजीखेरीज अन्य भाषा. जळगावच्या गणिताच्या शिक्षकाला लंडनचे दार किलकिले झाले, इंग्रजीच्या शिक्षकाला नाही. व्हिसासाठी ब्रिटनने केलेल्या 'बहुसंख्य इंग्रजीभाषक देशां'च्या यादीतही भारताचे नाव नाही. तेव्हा गणिताच्या शिक्षकालाही आपले इंग्रजी निराळे सिद्ध करावे लागते.

थायलंड आणि व्हिएतनाम यांबाबत लांबण लावण्याचे कारण नाही. दोन्हीकडे पदवी ही किमान अट आहे. दोन्हीकडे इंग्रजी मातृभाषा नसलेल्याकडून भाषेच्या परीक्षेचे गुणपत्र मागतात. व्हिएतनाममध्ये जोडीला अध्यापन-प्रमाणपत्र लागते, थायलंडमध्ये शाळेत शिकविण्यासाठी तेथील शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट लागते. तेथे भारतीयांना वाव आहे. वेतन मात्र पारपत्राचा रंग पाहून ठरते, हे जाण्यापूर्वी माहीत असलेले बरे.

'बहिःस्थ' हा शब्द

आखाती देशांचे गणित निराळे आहे. तेथे नागरिकत्वाची अट नाही. शेकडो भारतीय शाळा आहेत; केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न अशा परदेशी शाळांची संख्याच दोनशेहून अधिक असून त्यांतील बहुतेक आखातात आहेत. मंडळाच्या नियमांप्रमाणे तेथे पदवी अथवा पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागते. केरळने या बाजारपेठेचा अंदाज फार पूर्वी घेतला. सम्राट हेले सेलासी यांच्या काळात इथिओपियाच्या शाळांत शिकविणारे भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने केरळीच होते; मालदीव आणि आखात हे त्याच वाटेचे पुढचे मुक्काम. खानदेशातून बाहेर जाणाऱ्यांची वाट सुरत, नाशिक, पुणे येथे संपत आली.

आखातात अडतो तो पदवीचा प्रकार. संयुक्त अरब अमिरातीत पदवीची समकक्षता तपासताना ती नियमित वर्गात बसून मिळविली की खासगीरीत्या, याची विचारणा होते. २०१७-१८ च्या सुमारास तेथे वर्षानुवर्षे नोकरी करीत असलेल्या अनेक भारतीय शिक्षकांच्या पदव्या, गुणपत्रिकेवर 'खासगी' किंवा 'बाह्य' असा उल्लेख असल्यामुळे अडचणीत आल्या आणि भारतीय दूतावासाला मध्यस्थी करावी लागली. महाराष्ट्रात या प्रकाराला 'बहिःस्थ' असे भारदस्त नाव आहे. शेती, दुकान, शिक्षणसेवकाची नोकरी सांभाळून बहिःस्थ म्हणून एम.ए. करणे ही ग्रामीण भागातील रीतच होती. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, शिक्षणाचे दार उघडून दिले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यतेने मिळालेली मुक्त विद्यापीठाची पदवी येथे पूर्णतः वैध आहे. परदेशात मात्र ती प्रत्येक देशाच्या मर्जीवर अवलंबून राहते. ज्याने कष्ट करून, नोकरी सांभाळून पदवी मिळविली त्याचीच पदवी कमअस्सल ठरावी, यात न्याय कोणता, हा प्रश्न विचारायला हवा. पण उमेदवाराने तो विमानात बसण्यापूर्वी विचारावा.

पदवी अस्सल असली तरी ती अस्सल आहे असे सांगणारे शिक्के लागतात. हेग करारात भारत २००५ मध्ये सामील झाला, त्यामुळे करारातील देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा 'अपोस्टील' हा एक शिक्का पुरतो. कोरिया आणि जपान त्यांत येतात. करारात नसलेल्या संयुक्त अरब अमिरातीसाठी राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि वकिलात अशी तीन पायऱ्यांची वाट आहे. पहिल्या पायरीवरच खानदेशातील अर्ज अडतात आणि कारणे अगदी घरगुती असतात. अनेकांनी दीक्षान्त समारंभाचे शुल्क न भरल्यामुळे मूळ पदवी प्रमाणपत्र कधी घेतलेलेच नसते. गुणपत्रिकेवर सारा कारभार चाललेला असतो. १९९० पूर्वीच्या पदव्या पुणे विद्यापीठाच्या, नंतरच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आणि २०१८ पासूनच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या. दहावी एका नावाने आणि बी.एड. दुसऱ्या नावाने झालेला परदेशी अधिकारी पाहतो, तेव्हा त्याला त्यात विवाह दिसत नाही, दोन माणसे दिसतात. आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव, हा आपला क्रम पारपत्राच्या दोन रकान्यांत कसा बसवायचा, यावरून होणारे घोळ तर अगणित. स्त्री-उमेदवारांची संख्या बी.एड.मध्ये मोठी आहे आणि या घोळाचा भारही त्यांच्यावरच अधिक पडतो.

केळीचे येथे सहज स्मरण होते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ च्या जून महिन्यात तांदलवाडी परिसरातील शेतकऱ्यांची मानांकित केळी दुबईला रवाना झाली. त्या घडांच्या कागदपत्रांसाठी 'अपेडा' ही केंद्राची यंत्रणा पाठीशी होती. शिक्षकाच्या पाठीशी कोपऱ्यावरचा एजंट असतो.

प्रमाणपत्रे : खरी आणि नुसती

आता त्या १२० तासांविषयी. हा आकडा मुळात कुठून आला? केंब्रिजच्या 'सेल्टा' या अभ्यासक्रमात किमान १२० तासांचे प्रत्यक्ष अध्यापन-संपर्काचे काम असते आणि त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर, परीक्षकांच्या देखरेखीखाली शिकवावे लागते. लंडनच्या ट्रिनिटी महाविद्यालयाचे प्रमाणपत्रही याच तोलाचे. या दोहोंना जगभर मान आहे तो त्या सहा तासांमुळे. ऑनलाइन दुकानांनी १२० हा आकडा उचलला आणि सहा तास टाकून दिले. शे-दोनशे प्रश्नांची उत्तरे टिचकीसरशी देऊन मिळणारे प्रमाणपत्र काही छोट्या संस्थांना पुरते, हे नाकारता येत नाही. पण ते 'सेल्टा'शी समकक्ष आहे, हा दावा धादांत खोटा आहे. 'सेल्टा'ला पदवी लागत नाही, हेही तितकेच खरे. मात्र पदवीशिवाय नुसते 'सेल्टा' घेऊन वर उल्लेखिलेल्या बहुतेक देशांचा कामाचा व्हिसा मिळत नाही. या अभ्यासक्रमाचा खर्च लाखाच्या पुढे जातो आणि आपल्याकडे त्याची केंद्रे महानगरांतच. महासाथीनंतर तो ऑनलाइन करण्याची सोय राहिली, हाच जळगाव-धुळ्याला दिलासा.

भारतातही या विषयाची स्वतंत्र परंपरा आहे, याचा जाहिरातींच्या गदारोळात विसर पडतो. हैदराबादची इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली. २००७ मध्ये तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. इंग्रजी अध्यापनाची पदव्युत्तर प्रमाणपत्रे व पदविका देणारी ही संस्था इंग्रजीकडे साहित्य म्हणून नव्हे, तर शिकविण्याची भाषा म्हणून पाहते. आपल्या महाविद्यालयांतील एम.ए.च्या अभ्यासक्रमात मिल्टनला जितकी जागा असते, तितकी परक्या भाषेचे उच्चार प्रौढाला कसे शिकवावेत याला नसते. दोष मिल्टनचा नाही. पण बी.एड.चे सराव पाठही 'कवितेचे रसग्रहण' आणि 'शब्दार्थ फळ्यावर लिहा' यांत अडकून पडलेले असतील, तर तो पदवीधर बँकॉकच्या वर्गात ज्या मुलांना त्याचा एकही मराठी शब्द कळत नाही, त्यांच्यासमोर काय करणार? मराठीचा आधार न घेता इंग्रजी शिकविण्याचा सराव त्याला कधी झालेलाच नसतो. येथे उमेदवाराची उणीव खरी आहे आणि ती व्हिसाच्या नियमांमुळे निर्माण झालेली नाही.

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. वाढलेल्या एका वर्षात शाळेतील प्रत्यक्ष अनुभवाला अधिक वाव मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. जळगावच्या विद्यापीठाने मनात आणले, तर इंग्रजी पद्धतीच्या विद्यार्थ्यांचे काही सराव पाठ पूर्णतः इंग्रजीतून, अन्य भाषक मुलांसमोर घेणे अशक्य नाही. भुसावळ हे रेल्वेचे गाव. तेथे हिंदी, तेलुगू, बंगाली घरांतील मुले एका वर्गात मिळतात. पावरी, भिली बोलणारी मुले चोपडा-शिरपूरच्या आश्रमशाळांत आहेत. परकीय भाषा म्हणून इंग्रजी शिकविण्याची प्रयोगशाळा शोधायला बँकॉकला जाण्याची गरज नाही. आणि असे पाठ झाल्याचे, तासांच्या संख्येसह, विद्यापीठाने प्रतिलेखात नमूद केले, तर तो कागद कोणत्याही ऑनलाइन प्रमाणपत्रापेक्षा वजनदार ठरेल.

राज्य शासनाला परदेशी रोजगाराचे वावडे आहे असेही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, दहा हजार तरुणांचा प्रायोगिक आकडा जाहीर झाला आणि जर्मन भाषेच्या वर्गांची जबाबदारी शालेय शिक्षण विभागाकडेच आली. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा व्यवसायांचा त्यात समावेश होता. शिक्षण विभागाला इतरांच्या स्थलांतराची चिंता वाहावी लागली. त्याच विभागाकडे पवित्र पोर्टलवर नाव नोंदवून बसलेल्या स्वतःच्या उमेदवारांचा परदेशी विचार मात्र झाला नाही.

तोपर्यंत एजंटांचे राज्य राहणार. त्यांच्यापुरता कायदा स्पष्ट आहे. १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या संस्थेला परराष्ट्र मंत्रालयाकडील नोंदणी बंधनकारक असून उमेदवाराकडून घ्यावयाचे सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक वस्तू व सेवा कर यांहून अधिक असता कामा नये. नोंदणीकृत संस्थांची यादी 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर पाहता येते. 'आम्ही भरती करीत नाही, केवळ प्रशिक्षण व मार्गदर्शन देतो' ही पळवाट यासाठीच शोधलेली आहे. प्रशिक्षणाच्या नावाखाली किती रक्कम घ्यावी याला मर्यादा नाही. पर्यटक व्हिसावर जा, तेथे गेल्यावर कामाचा परवाना करून देऊ, असे जो सांगतो त्याच्याकडे तर क्षणभरही थांबू नये. २०२२ पासून थायलंडमार्गे म्यानमारमधील ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबले गेलेले भारतीय तरुण चांगल्या नोकरीच्या अशाच आश्वासनांवर निघाले होते.

उमेदवाराने पहिला खर्च करायचा तो कोणत्याही प्रमाणपत्रावर नव्हे. विद्यापीठात अर्ज करून मूळ पदवी प्रमाणपत्र आणि प्रतिलेख काढून घ्यावा, दहावीपासून पारपत्रापर्यंत नाव एकसारखे आहे की नाही हे तपासावे, नसल्यास राजपत्रात बदलाची नोंद करावी, शाळा व महाविद्यालयांकडून माध्यमाचा खरा दाखला घ्यावा. एवढे केल्यावर कोरियाच्या कलमाखाली आपण येतो की आखाताच्या वाटेला जाऊ शकतो, की जपानची बारा वर्षे आपल्याकडे आहेत, हे त्याला स्वतःलाच कळेल. 'सेल्टा'चा विचार त्यानंतर.